आतली कड काय सांगते?

पत्राचा सारांश: एका वाचकाने दोन वर्षांपूर्वी हौसेनं जुनी, पण दमदार स्पोर्ट्स कार घेतली. दोन दारं, इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना. कंपनीचं माप पुढे २४५/३५ आर१९ (२४५ मिलिमीटर रुंदी, बाजूची उंची त्याच्या ३५ टक्के, रिम १९ इंचांची), मागे २६५/३५ आर१९. रिमची रुंदी पुढे ९ इंच, मागे १०. मागच्या टायरच्या आतल्या कडेचं रबर संपून तारा दिसायला लागल्यात, बाहेरच्या कडेची नक्षी मात्र अजून शाबूत आहे. पुढचे टायर निम्मे शिल्लक आहेत. ओल्या रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्ये जरा जोर दिला की गाडीचा मागचा भाग सुटतो. ट्रॅकवर भेटणारे मित्र म्हणतात, "२९५/३० टाक, रिमवर बसतो, मागून गाडी भरलेली दिसेल आणि पकडही येईल." टायरवाला म्हणतो, २७५/३५ पुरे. मूळ मापाचा, गाडीच्या कंपनीची खूण असलेला टायर यायला वेळ लागतोय. गाडी रोज चालते, वर्षातून दोन-तीनदा ट्रॅकवर जाते. विचारणा अशी: २६५, २७५ की २९५? आणि दोनच बदलावेत की चारही?

नमस्कार,

मापाचं नंतर बोलू. तारा दिसत असतील तर गाडी आजच उभी करा. नवे टायर येईपर्यंत ती चालवू नका, "फक्त ऑफिसपर्यंत" असंही नाही. तारा उघड्या पडल्या म्हणजे त्या जागी हवा धरून ठेवणारा सांगाडा रस्त्यावर घासतोय. असा टायर वेगात फुटला तर मागचं चाक जातं, आणि मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत ते सावरणं भल्याभल्यांना जमत नाही.

आता तुमच्या पत्राकडे. तुम्ही तीन मापं लिहून त्यातलं एक निवडायला सांगितलंत, पण मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते तुम्ही जाता जाता लिहिलेलं वाक्य: आतली कड गेली, बाहेरची शाबूत आहे. हा दोष मापाचा नाही, चाकांच्या बैठकीचा आहे. अशा गाड्यांची मागची चाकं वरून थोडी आत झुकलेली असतात, म्हणजे निगेटिव्ह कॅम्बर असतो. त्याने आतली कड थोडी लवकर झिजते, ते ठीक. पण एकीकडे तारा आणि दुसरीकडे चांगली नक्षी, एवढी तफावत एकट्या कॅम्बरने सहसा पडत नाही. बहुतेक वेळा त्याला टोची जोड असते, म्हणजे वरून पाहिलं तर चाकाचं तोंड किंचित आत किंवा बाहेर वळलेलं असतं. चाक सरळ न चालता किंचित तिरकं चालतं आणि प्रत्येक किलोमीटरला रस्त्यावरून थोडं थोडं आडवं फरफटत जातं.

घरच्या घरी एक तपासणी करा. गाडी थंड असताना, तारांची जागा टाळून, तळहात टायरच्या नक्षीवरून आडवा फिरवा. आधी बाहेरून आत, मग आतून बाहेर. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीच्या दात्यांसारखं खरखरीत लागलं, तर टो बिघडलाय असं समजा. जुन्या गाडीत याच्या मुळाशी पुष्कळदा सस्पेन्शनच्या सांध्यांमधले झिजलेले रबरी बुश असतात. ते तसेच ठेवून कितीही वेळा अलाइनमेंट करा, म्हणजे चाकांचे कोन जुळवून घ्या, मशीनवर आकडे बरोबर येतील आणि रस्त्यावर जोर पडला की चाक पुन्हा आपल्या वाटेने जाईल. म्हणून आधी बुश, मग अलाइनमेंट. या बैठकीवर २९५ चढवलात तर जास्त रुंदीची आतली कड तितक्याच तत्परतेने संपेल, एवढंच.

ओल्यात मागचा भाग सुटण्याचं कोडंही इथेच बऱ्यापैकी सुटतं. नक्षीच्या खोबणींचं काम पाणी बाहेर काढणं. तुमच्या मागच्या टायरला आतल्या भागात खोबणीच उरलेली नाही, म्हणजे तेवढा भाग पाण्यावर तरंगायला मोकळा. झीज दाखवणाऱ्या पट्ट्या १.६ मिलिमीटरवर असतात, पण रुंद टायरची ओल्यातली पकड त्याच्या बरीच आधी ढासळते. मी स्वतः ३ मिलिमीटरला बदलतो. शिवाय टायरचं वय बघा. बाजूवर 'डॉट' या खुणेच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात: ३२१८ म्हणजे २०१८ चा बत्तिसावा आठवडा. गाडी जुनी घेतली होती, तेव्हा टायरही तेव्हापासूनचेच असतील तर रबर कडक झालेलं असणार. आणखी एक, उन्हाळी वर्गातल्या या परफॉर्मन्स टायरचं रबर साधारण ७ अंश सेल्सियसच्या खाली ताठरतं. थंड सकाळी पहिल्या वळणावर गाडी घसरली तर त्याचा दोष रुंदीला देऊ नका.

आता मित्रांच्या म्हणण्याचा मुद्दा: रुंद टायर म्हणजे जास्त पकड. हे पूर्ण खोटं नाही, म्हणून तर ते इतकं टिकून आहे. पण टायरचा किती भाग जमिनीला टेकतो हे मुख्यतः ठरतं चाकावरचं वजन आणि आतली हवा यांवर. एका चाकावर ४०० किलो आणि हवा ३५ पीएसआय असेल तर टेकणारी जागा ढोबळमानाने १६० चौरस सेंटिमीटर येते, बोटांसकट पसरलेल्या पंज्याएवढी. टायर रुंद केला तर हा पंजा फारसा मोठा होत नाही, तो आडवा होतो: रुंदीला वाढतो, लांबीला घटतो. कोरड्यात वळणावर त्याचा फायदा मिळतो, आणि ट्रॅकवर उष्णता पसरायला जास्त रबर मिळतं, हेही खरं. पण पाण्यात तोच आडवा पंजा तोट्याचा, कारण त्याला समोरून जास्त रुंद पाणी कापावं लागतं. तुमची तक्रार ओल्या रस्त्याची आहे आणि उपाय सुचवलाय कोरड्या ट्रॅकचा.

पकड मुख्यतः येते रबराच्या मिश्रणातून. टायरच्या बाजूवर ट्रेडवेअरचा, म्हणजे रबर किती टिकतं याचा, आकडा असतो. २०० च्या आसपासचे ट्रॅककडे झुकलेले, ३०० आणि वरचे रोजच्या वापराचे, असं ढोबळ गणित धरा. हा आकडा प्रत्येक कंपनी आपापला ठरवते, त्यामुळे तुलना एकाच कंपनीच्या दोन टायरमध्येच करा. चांगल्या मिश्रणाचा २६५ हा सुमार मिश्रणाच्या २९५ ला कधीही भारी पडतो. १९९८ साली रस्त्यावर चालणाऱ्या ज्या मॅकलरेन एफ१ गाडीने ताशी ३८६ किलोमीटर गाठले, तिचे पुढचे टायर २३५/४५ झेडआर१७ मापाचे होते. आज कित्येक घरगुती गाड्यांना याहून रुंद टायर असतात. आणि टोयोटाने २०१२ मध्ये जीटी८६ आणली ती मुद्दाम अरुंद २१५/४५ आर१७ वर, प्रिअस या हायब्रिडवर जे टायर बसायचे तसल्याच. गाडी कमी वेगातही खेळकर वाटावी म्हणून. म्हणजे रुंदी हा इंजिनिअरने विचार करून घेतलेला निर्णय असतो, मागे जेवढी जागा दिसते तेवढं रबर भरायचं असा हिशेब नसतो.

२९५/३० कडे येऊ. तुमच्या रिमची रुंदी १० इंच. या मापाच्या टायरला साधारण १० ते ११ इंचाची रिम चालते, म्हणजे तुमची रिम खालच्या टोकाला आहे. 'बसतो' हे खरं, पण कसा? टायरच्या बाजू रिमवरून फुगून बाहेर येतात, वळणात त्या आधी लवतात आणि मग गाडी वळते. स्टिअरिंगला जो चटकन प्रतिसाद मिळतो म्हणून तुम्ही ही गाडी घेतली, तोच मऊ पडेल.

याहून मोठी अडचण व्यासाची. हिशेब सोपा आहे: रुंदीचे टक्के काढा, दुप्पट करा, त्यात रिमचा व्यास मिळवा. १९ इंच म्हणजे ४८२.६ मिलिमीटर. तुमचा पुढचा टायर ६५४.१ भरतो, मागचा ६६८.१. मागचा १४ मिलिमीटरने, म्हणजे सुमारे २.१ टक्क्यांनी मोठा. २९५/३० भरतो ६५९.६. मूळ मागच्या टायरपेक्षा तो फक्त १.३ टक्क्यांनी लहान, म्हणून '३ टक्क्यांच्या आत आहे, चालतं' असं कुणीही सांगेल. पण गाडीचा कॉम्प्युटर एकट्या टायरकडे बघत नाही. तो चारही चाकांचा वेग सतत एकमेकांशी ताडून बघतो, आणि मागची चाकं पुढच्यांपेक्षा २.१ टक्के हळू फिरणार हे त्याने गृहीत धरलेलं असतं. २९५ लावलात की हा फरक ०.८ टक्क्यावर येतो. एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा), ट्रॅक्शन कंट्रोल (जोर दिल्यावर चाक घसरू न देणारी), इलेक्ट्रॉनिक डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणारा भाग) असेल तर तेही, सगळे याच वेगांवर चालतात. किती फरक पोटात घालायचा हे प्रत्येक गाडीचं वेगळं, पण कॉम्प्युटरला रोज वाटावं की मागचं चाक जरा जास्तच फिरतंय, असं करायचं कशाला? गंमत म्हणजे लहान व्यासामुळे गिअरिंग किंचित आखूड होतं, म्हणजे चाकाला जोर अजून जास्त पोचतो. घसरण कमी करायला निघालेल्या माणसासाठी ही उलटी भेट.

टायरवाल्याचा २७५/३५ हा सल्ला जास्त शहाणा आहे, पण अर्धा. तो भरतो ६७५.१. पुढे २४५ तसाच ठेवला तर फरक २१ मिलिमीटर होतो, म्हणजे ३.२ टक्के. आणि फक्त मागची पकड वाढवली की तोल पुढे सरकतो: वळणात गाडीचं नाक बाहेर जायला लागतं, स्टिअरिंग फिरवलं तरी ती सरळच जाऊ पाहते. मात्र पुढेही एक माप वाढवून २५५/३५ घेतलात तर गणित जुळून येतं. पुढे ६६१.१, मागे ६७५.१, फरक पुन्हा १४ मिलिमीटर, पुन्हा २.१ टक्के. ९ आणि १० इंचांच्या रिमवर ही दोन्ही मापं अगदी सुखाने बसतात. स्पीडोमीटर सुमारे १ टक्का कमी दाखवेल. बहुतेक गाड्यांचे मीटर मुळातच खऱ्यापेक्षा थोडं जास्त दाखवतात, त्यामुळे तेवढं खपून जातं. रुंद व्हायचंच असेल तर माझं मत या जोडीला. पण मग टायर चार घ्यावे लागतात.

२७५ घेताना एक खाच आहे, ती फार जणांच्या नजरेतून सुटते. मापानंतर ९८वाय असं काहीतरी लिहिलेलं असतं. ९८ हा भार निर्देशांक, म्हणजे एका टायरवर ७५० किलो; वाय म्हणजे ताशी ३०० किलोमीटरपर्यंत. मागच्या २६५/३५ आर१९ ला बहुधा ९८ असतो, तुमच्या दारावरच्या स्टिकरवर खात्री करा. २७५/३५ आर१९ दोन प्रकारांत येतो: एक्सएल, म्हणजे जादा भाराचा, १०० निर्देशांकाचा, ८०० किलोंचा, आणि साधा ९६ चा, ७१० किलोंचा. दुसरा घेतलात तर टायर रुंद झाला आणि भार सोसायची ताकद घटली. दुकानात माप सांगताना हे दोन आकडेही ठासून सांगा.

घासण्याचा प्रश्न कागदावर सुटत नाही. मी हा धडा माझ्याच एका कूपेवर शिकलो. एक माप मोठे टायर चढवले, उभ्या गाडीत स्टिअरिंग दोन्ही बाजूंना टोकापर्यंत फिरवून पाहिलं, कुठे लागलं नाही म्हणून खूश झालो. आठवड्याने मागे दोन माणसं आणि डिकीत सामान घेऊन निघालो, तर पहिल्याच स्पीडब्रेकरवर 'खर्रर्र'. परत आल्यावर मडगार्डच्या आत हात घातला. आतल्या प्लास्टिकवर बोटभर रुंद चकचकीत पट्टी उमटली होती आणि टायरच्या खांद्यावर रबराचे बारीक काळे गुंडाळे लोंबत होते. तेव्हापासून मी मुलांच्या खेळण्यातल्या मातीचे गोळे मडगार्डच्या आतल्या कडेला आणि शॉकअब्सॉर्बरच्या बाजूला चिकटवतो, गाडीत वजन घालून हळू हळू खड्ड्या-उंचवट्यांवरून फिरवतो आणि मग गोळे किती दबलेत ते बघतो. तोपर्यंत जुने टायर फेकून देत नाही. शिवाय एकाच आकड्याचे दोन कंपन्यांचे टायर प्रत्यक्षात सारखे रुंद नसतात. ट्रॅककडे झुकलेला २६५ पुष्कळदा आरामदायी वर्गातल्या २७५ एवढा दिसतो. कंपनीच्या तक्त्यातली खरी रुंदी बघा, आणि ती किती इंचांच्या रिमवर मोजली आहे तेही. रिम अर्धा इंच बदलली की रुंदी साधारण ५ मिलिमीटर हलते.

गाडीच्या कंपनीची खूण असलेल्या टायरसाठी थांबायचं का? पोर्शसाठी 'एन', बीएमडब्ल्यूसाठी चांदणी, मर्सिडीजसाठी 'एमओ' अशा या खुणा. तो नुसता शिक्का नसतो. त्या गाडीसाठी टायरची बांधणी किंवा मिश्रण जुळवून घेतलेलं असतं. पण गाडी वॉरंटीबाहेरची आणि वापर मिश्र असेल, तर त्याच मापाचा, त्याच निर्देशांकाचा, नामांकित कंपनीचा वरच्या वर्गातला टायर मी बिनदिक्कत घेईन. न चालणारी गोष्ट म्हणजे पुढे एका कंपनीचा आणि मागे दुसरीचा. दोन स्वभावांची रबरं एकाच गाडीत ओल्या रस्त्यावर कधी कोण आधी सोडेल याचा नेम नाही.

म्हणजे दोन की चार याचं उत्तर पुढच्या टायरवर आहे. तेही जुन्या डॉट तारखेचे, दुसऱ्या कंपनीचे किंवा त्या कंपनीने बंद केलेल्या मॉडेलचे असतील, तर चार घ्या. त्याच मॉडेलचे आणि तीन-चार वर्षांच्या आतले असतील, तर मागे दोन नवे २६५/३५ पुरेत. जास्त नक्षीचे टायर मागेच असणं स्थिरतेसाठी चांगलं, आणि तुमच्या गाडीत ते आपोआप तसंच होतंय.

इथे चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाड्यांच्या मालकांसाठी एक वेगळी ओळ. निस्सान जीटी-आर घ्या: पुढे २५५/४०, मागे २८५/३५, दोन्ही २० इंचांवर. व्यास ७१२ आणि ७०७.५, जवळजवळ सारखे. तिथे कुणी फक्त मागे ३०५/३० चढवला तर तो भरतो ६९१, आणि पुढच्या-मागच्या चाकांमधला ताकद वाटणारा क्लच सरळ रस्त्यावरही सतत घासत राहतो. अशा गाडीत मॅन्युअलमध्ये दिलेली मर्यादा पाळायची, दोन टायरमधल्या झिजेच्या फरकाचीसुद्धा.

तुमच्या ट्रॅकच्या दिवसांसाठी एक पर्याय मित्रांपैकी कुणी सुचवला नाही याचं मला नवल वाटलं: १८ इंचांचा दुसरा सेट. २४५/४० आर१८ भरतो ६५३.२ आणि २६५/४० आर१८ भरतो ६६९.२. मूळ मापांपासून जेमतेम एक-एक मिलिमीटर लांब. मागच्या टायरची बाजू ९३ ऐवजी १०६ मिलिमीटर उंच, म्हणजे कडेच्या दगडांवर गेलात तरी रिमच्या वाट्याला कमी मार. या सेटवर ट्रॅकचं मिश्रण लावा, रोजच्या १९ इंचांवर ओल्यात भरवशाचं. अट एकच, रिम ब्रेकच्या कॅलिपरला लागता कामा नये. ती विकत घ्यायच्या आधी चाकात बसवून, हाताने फिरवून बघा.

माप बदलणार असाल तर तुमच्याकडचा वाहन नियम आणि विम्याची अट एकदा वाचून घ्या. काही ठिकाणी मूळ मापाबाहेर गेलं की नोंद करावी लागते, आणि दाव्याच्या वेळी तो कागद मागितला जातो.

तर तुमच्या जागी मी असतो तर गाडी टोचनवर घालून बुश तपासून घेतले असते, पुढच्या टायरच्या तारखा वाचल्या असत्या, मागे २६५/३५ ९८वाय नवे घातले असते आणि त्याच दिवशी अलाइनमेंट करून आधीचे-नंतरचे आकडे छापून घेतले असते. नव्या टायरच्या अंगावर साच्यातून सुटताना लागलेला निसरडा थर असतो, म्हणून पहिले दोन-तीनशे किलोमीटर बेताने. मग पहिल्या चांगल्या पावसात तोच दुसरा गिअर, तेवढाच जोर, मोकळ्या रस्त्यावर. गाडी तरीही सुटली, तर २५५ आणि २७५ च्या जोडीचा विचार उघडा आहेच. पण मला वाटतं त्याआधी तुमच्या उजव्या पायाबद्दलही थोडं बोलावं लागेल. अलाइनमेंटचा कागद हाती आला की मागच्या टोचे आधीचे दोन आकडे, डावा आणि उजवा, मला लिहून पाठवा. दोन्हींत मोठी तफावत निघाली तर कुठला बुश गेलाय हे शोधणं सोपं जाईल.